सोलापुरात खाऱ्या पाण्याचे टँक: आमची वाटचाल

टॉवेल कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून मी शोभेच्या माशांचं दुकान टाकलं, तेव्हा दुकानात सगळ्यांकडं असतं तेच होतं. गोल्डफिश, गप्पी, फ्लॉवरहॉर्न, आणि वास्तूसाठी अरोवाना मागणारं एखादं गिऱ्हाईक. पोटापुरतं सुटत होतं, पण भावावरून रोजची घासाघीस. कारखान्यात माझं काम पंप, पाइपलाइन आणि बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, बघायचं. गोड्या पाण्याच्या टँकला या शिक्षणाचा काडीचा उपयोग नाही. खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकला, म्हणजे प्रवाळाच्या टँकला, मात्र नेमकं हेच लागतं. हे ध्यानात आल्यावर आम्ही हळूहळू त्या बाजूला वळलो आणि आज दुकानाचं बहुतेक उत्पन्न त्यातूनच येतं.

तेव्हा कारखान्यातले दोस्त हसायचे. "समुद्र कुठं, सोलापूर कुठं बे?" समुद्र रस्त्यानं तीनशेच्या वर किलोमीटर लांब आहे हे खरं, पण त्याची अडचण कधी आलीच नाही. किनाऱ्यावरचे बरेच लोक सरळ समुद्राचं पाणी भरून आणतात, मग पावसाळ्यात ते गढूळ झालं की हात चोळत बसतात. आम्ही पाणी बनवतो. आधी आरओ फिल्टर, मग उरलेसुरले क्षार काढणारा डीआय फिल्टर, टीडीएस शून्यावर आला की लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मिठाचं मिश्रण, आणि एक रात्र पंप लावून घुसळणं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, १.०२५ दिसलं की पाणी तयार. "घरचं मीठ चालणार नाही का हो?" हा प्रश्न अजूनही येतो. घरच्या मिठात सोडियम क्लोराइडशिवाय जवळजवळ काहीच नसतं; मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, कार्बोनेट हे सगळं कुठून आणणार?

गावाची खरी अडचण गोड्या पाण्याची. आरओतून एक लिटर चांगलं पाणी निघताना तीनएक लिटर वाया जातं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं मोरीत एवढं पाणी सोडणं मला बघवत नाही, आणि घरातल्या बाईमाणसांना तर अजिबात नाही. म्हणून टँक बसवण्याआधी आम्ही वेस्टच्या पाइपची जागा ठरवतो. तो पाइप ड्रममध्ये जातो आणि ड्रममधलं पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरलं जातं. हे आमच्या कोटेशनमध्येच धरलेलं असतं.

आता ऊन. रीफ टँकचं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायचं असतं. तिशीच्या वर ते बरेच दिवस राहिलं, तर प्रवाळ आपल्या शरीरातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्या शेवाळावरच त्याचं बरंचसं पोट चालतं, त्यामुळं पुढं ते उपाशी मरतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो. मोठ्या शहरातला व्यापारी ऐकल्याबरोबर म्हणतो, चिलर (पाणी थंड करायचं मशीन) घ्या, मोठाच घ्या. पण त्याच्याकडची हवा दमट, आपली कोरडी. कोरड्या हवेत पाण्यावर साधे छोटे पंखे लावले तरी पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. हिशेब सोपा आहे: एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता जाते. मोठ्या टँकमधून उन्हाळ्यात दिवसाला दहा लिटर उडालं, तर पंख्यांनी चिलरचं किती काम उचललं ते बघा.

याला दोन पथ्यं आहेत. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागंच राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानंच घालायची, खाऱ्या नाही, आणि तीही आपोआप भरणाऱ्या फ्लोट सेन्सरनं. हातानं भरायचं म्हटलं की लग्नसराईत घरचे चार दिवस गावाला जातात आणि टँकची खारट चटणी होते. दुसरं पथ्य डेझर्ट कूलरचं. हॉलमध्ये कूलर चालू असला की हवा दमट होते आणि टँकवरच्या पंख्याचा जोर निम्म्यावर येतो. अशा घरात आम्ही चिलरच सुचवतो. पावसाळ्यातही पंखे फारसे चालत नाहीत, म्हणून मोठ्या टँकला पंखे आणि लहान चिलर अशी जोडी देतो. चिलर गॅलरीत बसवायचा. हॉलमध्ये ठेवला तर टँकमधून काढलेली उष्णता तो त्याच खोलीत ओततो. वीजबिल दाखवल्यावर ही गोष्ट गिऱ्हाइकाला लवकर पटते.

आमचं नाव झालं ते मात्र अपग्रेडच्या कामांनी. तीन फुटी टँक घेतलेला माणूस वर्षा-दोन वर्षांत पाच फुटीवर येतोच. तीन बाय दीड बाय दीडचा टँक म्हणजे १९० लिटर. पाच बाय दोन बाय दोनमध्ये ५६५ लिटर मावतात. काच, दगड, लोखंडी स्टँड आणि खालचा संप (पाणी साफ करायची टाकी) धरून सगळं पाऊण टनाच्या वर जातं. जुन्या पेठांमधल्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही हे काम घेत नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी. स्लॅबच्या घरातही बीम कुठून जातो ते बघून भिंतीलगतची जागा धरतो आणि शंका असली की इंजिनियरला बोलावतो.

प्लंबिंगमध्ये फिटरपणा कामी येतो. वरचा टँक भरला की पाणी ओव्हरफ्लोतून खाली संपमध्ये येतं. तिथं स्किमर त्यातली घाण फेसाबरोबर काढतो आणि रिटर्न पंप पाणी परत वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी थोडा वेळ खाली उतरतच राहतं. तेवढं पाणी पोटात घ्यायला संपमध्ये जागा रिकामी नसेल, तर हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचं तळं होतं. म्हणून हवाली करण्याआधी घरच्यांसमोर मेन स्विच बंद करून दाखवायचा, हा आमच्याकडं नियम आहे. एका डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "परत एकदा बंद करा बघू." केला. मग त्यांनीच चहा टाकायला सांगितलं.

जुन्या टँकमधून नव्यात काय न्यायचं, यात खरी परीक्षा. दगड न्यायचे, तेही ओले, जुन्याच पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून. कारण माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे जिवाणू त्या दगडांत राहतात. निम्मं पाणी जुनं, निम्मं नवं. वाळू मात्र टाकून द्यायची. गिऱ्हाइकाला वाटतं, हा आपल्याला नवी वाळू विकायला बघतोय. पण जुनी वाळू हलवली की तळाशी साचलेली घाण पाण्यात मिसळते, अमोनिया चढतो आणि रातोरात मासे उलटे होतात. नवीन टँकला जिवाणू धरायला चार ते सहा आठवडे लागतात. जुने दगड असले तर काम लवकर होतं. तरीही अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर असल्याशिवाय आम्ही नवा मासा सोडत नाही. पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी थर येतो. फोनही येतात. तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, आपण होऊन जातो.

मग मासे. माल बहुतेक मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतो आणि भाऊ पहाटे पुणे नाक्यावर थर्माकोलच्या पेट्या उतरवून घेतो. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो आणि त्यामुळंच अमोनियाचं विष सौम्य राहतं. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून उघड्या पिशवीत थेंब-थेंब पाणी घालत तासभर बसणं लांबच्या मालाला घातक. आम्ही पुरवठादाराच्या पाण्याची खारटाई आधी विचारतो, क्वारंटाइनचं पाणी तेवढंच करून ठेवतो, बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवतो आणि मासा पटकन पलीकडं घेतो. क्वारंटाइन झाल्याशिवाय मासा दुकानाबाहेर जात नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा प्रवाळाच्या टँकमध्ये शिरला की तिथं तांब्याचं औषध घालता येत नाही. गोगलगायी, झिंगे, प्रवाळ सगळंच मरतं.

क्लाउनफिश आम्ही हॅचरीतलेच देतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं त्यांच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडं विकसित केलंय. असे मासे पहिल्या दिवसापासून दाणे खातात. जोडी घेताना एक मोठा, एक लहान घ्यायचा. जन्मतः सगळे नरच असतात आणि मोठा असतो तो पुढं मादी होतो. हे सांगितलं की दुकानातली पोरं खिदळतात. पोरांना हवा असतो तो निळा टँग. तो फूटभर वाढतो, म्हणून पाच फुटी टँकला आम्ही तो देत नाही. मँडरीनही नाही, तो कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत किडेच टिपत राहतो, नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. आधी गोगलगायी आणि हर्मिट खेकडे, मग क्लाउन, गोबी, आणि भांडखोर मासे सगळ्यात शेवटी.

प्रवाळाबाबत एक गोष्ट दुकानात पाटी लावूनच सांगितली आहे. कडक प्रवाळ, समुद्री पंखा आणि समुद्रघोडा आमच्याकडं मागू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना २००१ साली घातलंय. समुद्रातून फोडून आणलेला 'लाइव्ह रॉक' म्हणजेसुद्धा बहुधा प्रवाळाचाच सांगाडा, म्हणून दगडही आम्ही सिरॅमिकचे वापरतो. लोक मोबाइलवर परदेशातले टँक दाखवतात, "हे द्या" म्हणतात, आणि नाही म्हटलं की काही जण दुसरीकडं जातात. जाऊ देत. लेदर, मशरूम आणि झोआ या मऊ प्रवाळांची मूळ वसाहत आमच्या मागच्या खोलीत आहे. बायको तिचेच तुकडे करून चकत्यांवर चिकटवते. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. झोआ चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात टाकू नका, हे बिलावर छापलंय.

मऊ प्रवाळ कॅल्शियम फारसं ओढत नाहीत, त्यामुळं पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदललं की भागतं. ते पाणी आम्हीच कॅनमधून पोचवतो, टेस्ट करतो, वहीत लिहितो. वर्षाच्या कराराचे हे पैसेच दुकानाचा पगार भागवतात. विक्रीचे पैसे येतात-जातात.

अपग्रेडची कामं आम्ही दसऱ्यापासून होळीपर्यंतच घेतो. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, त्या सुमारास पोरं सुट्टीवर असतात, तेवढे दिवस सोडून. एप्रिल-मेमध्ये फक्त करारातल्या टँकचं काम आणि चिलरची दुरुस्ती. जागा बघायला आम्हीच येतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त गेल्या मे महिन्याचं वीजबिल काढून ठेवा.