शिक्का आहे ना!

2025 च्या नगरपरिषद निवडणुकीत 26 नोव्हेंबरला चिन्हं वाटली आणि 2 डिसेंबरला मतदान. म्हणजे आम्हा छापणाऱ्यांच्या हातात जेमतेम पाच दिवस. त्या दिवसांत दुकानात गरम चहा म्हणून कोणी प्यायला नाही.

अशातच रात्री साडेदहाला एक माजी नगरसेवक आले. "ताई, वर मधोमध राजमुद्रा घ्या, डावीकडे नगरपरिषदेचा लोगो, उजवीकडे मी. निशाणी खाली."

राजमुद्रा म्हटलं की मी आधी विचारते, कुठली? निम्म्या गिऱ्हाइकांना 'प्रतिपच्चंद्रलेखेव' हवी असते, निम्म्यांना सिंह. यांना सिंह हवे होते. व्हॉट्सअॅपवरून आलेली इमेजही होती, कडा फुटलेली, आणि खाली 'सत्यमेव जयते' गायब! ते शब्द कायद्याने मुद्रेचाच भाग आहेत.

"दादा, हे नाही टाकता येत," मी म्हटलं. 2005 चा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. 2007 च्या नियमांत तर माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार यांचा उल्लेख करून मनाई केलीय. "माजी मंत्र्याला चालत नाही, आणि तुम्ही..." पुढचं मी गिळलं.

सिंह त्यांनी सोडले. लोगोवर मात्र अडून बसले. "लोगो आपल्या गावाचाच आहे ना? पाच वर्षं तिथं बसलोय मी."

खरं सांगते, यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. गावाचा आहे हे खरंच. पण तोच लोगो घरपट्टीच्या बिलावर असतो, जन्मदाखल्यावर असतो, पाण्याच्या टँकरवर असतो. तो दिसला की माणूस कागद वाचायच्या आधीच मान्य करतो. आणि आचारसंहिता लागल्यापासून पालिकेचे कर्मचारी बाकड्यांवरचं 'यांच्या निधीतून' कागद चिकटवून झाकत फिरत होते. त्यात यांचीही बाकडी होती. बाकावरचं नाव झाकायचं आणि पत्रकावर त्याच नगरपरिषदेचा लोगो छापायचा, हे कुठलं गणित?

"फार कायदा शिकलात तुम्ही," म्हणून ते उठले. पाच हजार पत्रकांचं काम गेलं. वाईट वाटलं नाही असं नाही. मशीनचा हप्ता काही आचारसंहिता पाळत नाही.

तिसऱ्या दिवशी पत्रक आमच्याच गल्लीत आलं. छापणारा दुसरा कोणी. सिंह नव्हते, लोगो होता, चांगला मोठा. खाली ठळक 'जाहीर आवाहन' आणि कागद फिकट गुलाबी, अगदी आमच्या घरपट्टीच्या बिलासारखा.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी हाक मारली. लाइटबिलं, पावत्या ठेवायची त्यांची प्लास्टिकची पिशवी उघडी होती आणि पत्रकाची नीट चौघडी घालून ती आत सरकवत होत्या.

"अगं, यंदा घरपट्टीची शेवटची तारीख कधी लिहिलीय? चष्मा सापडेना."

"काकू, हे बिल नाही. प्रचाराचं पत्रक आहे ते."

त्यांनी परत बाहेर काढून वरच्या लोगोवर बोट टेकवलं. "पण शिक्का आहे ना!"