ओवीतला मामा

सोमवारी सकाळी लालबागहून एक मावशी आल्या. वय चौऱ्याहत्तर. हातात पिशवी, पिशवीत आजीचं रेशनकार्ड आणि एक फोटो. आईवडील दोघंही गिरणीत, त्यामुळे ह्यांना आजीनंच वाढवलं. "बाई, माझ्या आजीचं माहेर शोधून द्या. तिचं लग्नाआधीचं नाव आम्हाला कुणालाच ठाऊक नाही."

वंशावळी शोधायच्या कामात मला बारा वर्षं झाली. येणारे बहुतेक जण वडील, आजोबा, पणजोबा असं वर चढत जातात. बहुतेक वंशावळींत बायका नसतातच. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच तुटते. म्हणून आजीचं माहेर शोधायला कुणी आलं की बाकीची कामं मी मागे टाकते.

घरी माहेरचं म्हणून सांगितलं जाणारं आडनाव मावशींनी दिलं. त्याशिवाय त्यांना दोन गोष्टी माहीत होत्या. एक, आजी १९१४च्या सुमाराला जन्मलेली. दोन, पाटण तालुक्यातलं ते माहेर कोयनेच्या धरणात बुडालं आणि तिथली माणसं विस्थापित होऊन कुठे कुठे गेली. विचारायला कुणी उरलं नाही. मंगळवारी तालुक्याच्या अभिलेख कक्षात बसून मी त्या गावाचा गाव नमुना १४ पाहिला. ही गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही, हिलाच लोक कोतवाल बुक म्हणतात. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. मावशींनी दिलेल्या आडनावाच्या घरात १९१२ ते १९१६ ह्या काळात एकही मुलगी जन्मलेली नव्हती.

बुधवारी दुसऱ्या एका घराचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलांच्या नोंदी, वाचून दिले. संध्याकाळी सहज मावशींना फोन केला. जात्यावरच्या ओव्या जमवणं हा माझा जुना छंद आहे. आजी दळताना काय म्हणायची, एवढंच विचारलं. त्यांनी आठवतील तशा सात-आठ ओव्या म्हटल्या. मी लिहून घेत होते आणि लिहितालिहिता थांबले. ओवी म्हणणारी बाई माहेर आठवते तेव्हा तिच्या तोंडी आधी भाऊ येतो. बंधुराया, त्याची चोळी, त्याचं मुराळी म्हणून न्यायला येणं. ह्या आजीच्या एकाही ओवीत भाऊ नव्हता. सगळीकडे मामा होता.

म्हणजे धरणात गेलेलं ते गाव माहेर नव्हतं. ते आजोळ होतं.

गुरुवारी पहाटेची गाडी धरून नाशिकला गेले. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यांकडे गावनिहाय, कुळनिहाय वह्या असतात. यात्रेकरू आला की त्याच्या कुळाचा लेख लिहून ठेवायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. गाव पाण्याखाली गेलं तरी वहीत ते जागच्या जागी होतं. गुरुजींनी लाल कापडाचा बासन सोडला आणि शके १८४५ची, म्हणजे १९२३-२४ची नोंद काढून दिली. मोडीत, बोरूनं लिहिलेली. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे मी बोट ठेवून हळूहळू वाचते. मामा वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला. आज्या-पणज्यांची नावं, भाऊ, मुलगे. आणि अगदी शेवटी, ओळ संपत आली म्हणून दाटीनं लिहिलेलं: बहिणीची कन्या, तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, त्याचं गाव, 'सांभाळ आम्हांकडे'.

पोरक्या भाचीला कुळाच्या लेखात घालण्याचं त्या माणसाला काहीच कारण नव्हतं. त्यानं घातली. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते मावशींच्या घरचं आहे. त्या पानासमोर मी बराच वेळ बसून राहिले.

शुक्रवारी पुन्हा तालुक्याला. आता बापाचं गाव ठाऊक होतं. पोर १९१४च्या सुमाराची आणि १९२३च्या आधीच मामाकडे, म्हणून १९१८ची पानं आधी उघडली. त्या साली ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झानं मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली. एरवी ज्या गावात महिन्याला दोन-तीन मृत्यू, तिथे त्या एका महिन्याला पानं पुरलेली नव्हती. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ताप. ताप. ताप. लिहिणाऱ्याचं अक्षर मधेच बदललेलं होतं. आजीचा बाप ८ तारखेला गेला. सहा दिवसांनी आई.

रविवारी मी मोडीचा वर्ग घेते. वर्ग आटपून मावशींना फोन लावला. वहीतली शेवटची ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "थांबा, लिहून घेते." पलीकडून पेनाचा आवाज येत होता. चार वर्षांच्या पोरीला घेऊन डोंगर उतरणारा मामा त्यांच्या डोळ्यांसमोर होता बहुतेक; त्या मधेच म्हणाल्या, "कडेवर नेली असेल हो."

मग त्यांनी विचारलं, "आणि आजीच्या आईचं नाव काय?"

कोतवाल बुकात तिच्या नावाच्या जागी 'अमक्याची बायको, वय २२' एवढंच आहे. पण मामाच्या आधी त्याचा बाप कधीतरी रामकुंडावर आला असेल, तर त्यानं आपल्या लेकीचं नाव लिहवलं असण्याची शक्यता आहे. तो लेख त्याच वहीत, मागच्या पानांवर. उद्या सकाळी गुरुजींना फोन करते.