अकरावा कोयता

ऊसतोडीचा हंगाम आटोपून मजुरांच्या टोळ्या गावी परतल्या की बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरकडच्या गावांत आम्ही कोयत्यांचे हिशेब तपासायला बसतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. राबायचं दोघांनी, पण उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, कागदावर अंगठा एकट्या नवऱ्याचा, त्यामुळे हिशेबाला सहसा पुरुषच येतात. यंदा एक बाई आली. पिशवीत अख्ख्या हंगामाच्या वजनपावत्या होत्या, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडून रोज मागून घेतलेल्या. इतक्या पावत्या एका जागी मी प्रथमच पाहिल्या.

पावतीवर वाहनाचा नंबर असतो, ऊस कोणाच्या शेतातला ते असतं, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन, बांधणीची वजावट, निव्वळ टन. तोडणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा टोळी आणणाऱ्या मुकादमाशी. मालक कोण असं विचारलं की प्रत्येक जण शेजारच्याकडे बोट दाखवतो.

बेरीज 1,712 टन आली, तोडणीचे दिवस 86. टोळी दहा कोयत्यांची, म्हणजे कोयत्याला 171.2 टन. मुकादमाच्या वहीत 155.6. वहीत खाडाखोड नाही, बेरीजही बरोबर. तासाभराने उलगडलं: भागाकार अकराने केला होता. अकरावा कोयता मुकादमाच्या मेव्हण्याचा, आणि तो एक दिवसही फडात उतरला नव्हता. टनाला 366 रुपयांनी तिच्या एका कोयत्याचेच 5,700 च्या आसपास गेले. मुकादमाचं कमिशन कारखाना देतो ते वेगळंच.

वहीत खाली सहा खाडे, म्हणजे कामावर न गेलेले दिवस, प्रत्येकी 500 दंड. त्यातले चार पोराच्या तापाचे. खाडा पडू नये म्हणून बायका गर्भाशय काढून घेतात, अशा बीडमधल्या बातम्यांवरून 2019 मध्ये केवढा गाजावाजा झाला, समिती बसली. खाड्याला मात्र कुणी हात लावला नाही.

अकरावा कोयता वगळला, खाडे काढून टाकले आणि हिशेब नव्याने मांडला. मजुरी 62,659. उचल एक लाख, त्यावर सोळा आठवड्यांची खर्ची, म्हणजे हंगामात घरखर्चाला दिलेले पैसे, 16,000. चोख हिशेबातही अंगावर बाकी 53,341! वहीत 62,037 होती. 1,16,000 फेडायचे तर 317 टन तोडावे लागतात. दिवसाला दोन टनांनी 158 दिवस झाले, आणि कारखान्याची धुराडी मार्चातच थंड. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात 34 टक्के दरवाढ ठरली तेव्हा फोटो भरपूर निघाले. दर वाढला, पण तोडायला दिवसच नसतील तर तो वाढून काय उपयोग?

उचल घेऊ नका, रोजगार हमीवर जा, असं बैठकांत सांगणाऱ्यांचा मला राग येतो. काम मागण्याचा नमुना 4 भरा, पंधरा दिवस कामाची वाट बघा, मस्टर (हजेरीपत्रक) बंद झाल्यावर पुन्हा पंधरा दिवस मजुरीची, आणि हेही कागदावरचे दिवस. 2024-25 मध्ये रोज 297 रुपये. मुकादम दसऱ्याच्या आसपास घरी येऊन रोख मोजतो. दुकानदाराची उधारी दारात उभी असताना माणूस कोणाकडे जाईल?

तक्रार लिहू का, असं बाईला विचारलं. ती हो म्हणणार होती, असं मला अजून वाटतं. तेवढ्यात बाहेर थांबलेला नवरा आत आला. "नका लिहू भाऊ. आधीच बाकी हाय अंगावर. पुढची उचल कोण देईल मग?"

तिने पावत्या तारखेप्रमाणे लावल्या आणि पिशवीत भरल्या. त्यांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. ती हो म्हणेपर्यंत ते कुठे जोडता येत नाहीत.