तिकिटाचा डाग

शनिवार, रात्री साडेअकरा. तोक्यो.

त्सुयु लागलाय, म्हणजे इथला पावसाळा. सकाळी खोलीतली आर्द्रता ७४ टक्के. पलंगाखालचा सपाट पेटारा ओढून जुन्या सिनेमांची पोस्टरं, सगळे कागद तपासले, सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. कसर कुठे दिसली नाही. असल्या हवेत कागद विकत घ्यायला बाहेर पडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तरी पडलोच.

जिंबोचोतली बहुतेक जुन्या पुस्तकांची दुकानं यासुकुनी रस्त्याच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून बसलेली. ऊन आत शिरून कागद पिवळा पडू नये म्हणून. वास्तुशास्त्र मानायचंच तर हे मानावं. आज ऊन नव्हतंच, दारांवर प्लास्टिकचे पडदे सोडले होते.

गेलो होतो कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’ सिनेमाचं बी-२ बघायला. बी-२ म्हणजे इथल्या पोस्टरांचं नेहमीचं माप, ५१.५ बाय ७२.८ सेंटिमीटर. मला दोन वर्षांपूर्वी एकाने हेच पोस्टर १९५४चं म्हणून विकलं होतं. मीही हुरळून घेतलं. नंतर एका दुकानदार आजोबांनी ते दोन बोटांत नुसतं धरलं आणि मान हलवली. १९७५ साली सिनेमा पुन्हा लागला, तेव्हाचं होतं ते. पोस्टरांवर साल बहुधा छापलेलं नसतं, तिथेच माझ्यासारखे गाफील सापडतात. युद्धानंतरच्या वर्षांतला कागद हलका असतो, घड्या घालून पाठवलेला, त्यामुळे घडीच्या रेघांवर शाई उडालेली. माझं होतं जाड, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. इतकं चांगलं दिसतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आजचंही तसंच निघालं. आजोबांनी आधीच सांगून टाकलं, घासाघीस करायची वेळच आली नाही.

शेजारच्या फळीवर दाइहोन होती, चित्रीकरणाच्या वेळी वाटतात ती छापील संहिता. एकीवर ‘अंतिम मसुदा’ असा शिक्का, आत कुणीतरी पेन्सिलीने संवादच्या संवाद खोडलेले. अंतिम कसला! किंमत बघितली आणि दोन्ही हातांनी जपून परत ठेवली.

आणि मग खालच्या खोक्यात पॅम्फ्लेट सापडलं, म्हणजे सिनेमाबरोबर थिएटरात विकतात ती पुस्तिका. ‘ताइजु नो उता’, महावृक्षाचं गाणं. म्हणजे आपल्या सत्यजित रायांचा ‘अपूर संसार’! जपान्यांनी अपूच्या तिन्ही सिनेमांना गाण्यांची नावं दिली: धरतीचं, महानदीचं, महावृक्षाचं. पहिला ‘पाथेर पांचाली’ इथे १९६६ साली लागला, आणि १९५९चा हा तिसरा थेट १९७४ साली, इवानामी हॉल या थिएटरात. काशिको कावाकिता आणि एत्सुको ताकानो यांनी तिथे मोठ्या वितरकांनी न घेतलेले सिनेमे दाखवायचा उपक्रम सुरू केला, त्यातला हा पहिला.

हॉल दुकानापासून चालत दोन मिनिटांवर. होता, असं म्हणायला हवं. जुलै २०२२मध्ये बंद झाला.

दीड हजार येन. पाठीमागे पुठ्ठा, वर प्लास्टिक, पुन्हा कागदी पिशवी आणि पावसासाठी तिच्यावर आणखी एक पिशवी. एवढी तर आमच्याकडे नवरीच्या शालूचीही काळजी घेत नाहीत. चौकात त्या इमारतीखाली थांबून दहाव्या मजल्याकडे बघितलं. छत्रीमुळे नीट दिसलं नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. “पुन्हा रद्दी आणलीस?” रद्दीच आहे, ती चुकीचं बोलत नाही. थिएटरवाल्यांच्या लेखी पोस्टरही रद्दीच होती. सिनेमा उतरला की तीही उतरायची आणि जायची. म्हणून तर १९५४चं मला परवडत नाही. “टाचणीची भोकं तरी नसलेलं घे की,” ती म्हणाली. मला भोकं असलेलंच हवंय, हे तिला अजून पटवता आलेलं नाही.

आत्ता हात धुऊन, पुसून पॅम्फ्लेट उघडलं. शर्मिला टागोरच्या फोटोच्या पानात अर्ध्या फाडलेल्या तिकिटाचा तुकडा. दारावर फाडून परत देतात तो. उचलला तर खाली त्याच मापाचा तपकिरी डाग, फाटलेल्या कडेसकट. वेगळ्या पाकिटात ठेवणार होतो, नियम तसाच आहे. ठेवला नाही. डागावर कडेला कड लावून बसवला आणि मिटलं.