मुलाला जुलाब लागले की आधी काय करायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

पावसाळा सुरू झाला की मला फोन यायला लागतात. भाचीचा, भाचीच्या मैत्रिणीचा, शेजारच्या नवीन सुनेचा, आणि गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या घरातून तर हमखास. प्रश्न एकच, बाळाला सकाळपासून चार-पाच वेळा पातळ झालीय, कुठलं औषध देऊ? मी रत्नागिरी जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता रिटायर झालेय, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हिला एखाद्या गोळीचं नाव नक्की माहीत असणार. मी दरवेळी तेच सांगते की जुलाब थांबवायच्या मागे लागू नका, अंगातलं गेलेलं पाणी भरायला घ्या. मग लगेच पुढचा प्रश्न, म्हणजे औषध द्यायचंच नाही? तर ते आज नीट लिहिते.

लहान मुलांचे बरेचसे जुलाब व्हायरसचे असतात, ते काही दिवसांत आपले आपण थांबतात, त्यांना अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. मूल दगावतं ते पाणी आणि क्षार अंगातून निघून गेल्यामुळे, आणि तान्ह्या बाळाचं तर अंगच एवढंसं, त्यात किती साठा असणार, सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी मान टाकतं. म्हणून घाई करायचीच असेल तर ती पाजायची करा. आणि मोठ्या माणसांची जुलाब बंद करणारी गोळी अर्धी किंवा पाव करून मुलाला देतात ना, ते प्लीज करू नका. आतडं सुस्त पडतं, पोट फुगतं, आणि शी दिसली नाही म्हणून घरच्यांना वाटतं बरं वाटतंय, आत मात्र पाणी जातच असतं.

आमच्याकडे जुन्या बायका पोर घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, टाळू खाली गेली हो पोराची." ह्या वाक्याचा मला फार आदर आहे. कारण टाळू खोल जाणं हे अंगातलं पाणी कमी झाल्याचं खरंखुरं लक्षण आहे, पुस्तकात लिहिलेलं, आणि ह्या बायकांना ते कुणी न शिकवता नजरेने कळलेलं होतं. फक्त उपाय म्हणून त्या टाळूवर तेल भरायच्या, टाळू वर यावी म्हणून. तेलाने टाळू वर येत नाही, पाणी प्यायलं की येते. मी त्यांना म्हणायचे, आजी तुम्ही बरोबर ओळखलंत, आता तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि हा चमचा घ्या, दर दोन मिनिटांनी एक चमचा, मी इथेच बसलेय. कुणाला वेड्यात काढलं की ती बाई पुन्हा आपल्याकडे येत नाही, पण तिचं अर्धं बरोबर होतं हे सांगितलं की उरलेलं अर्धं ती ऐकते.

आता पाजायचं काय, तर ओआरएस, म्हणजे ग्लुकोज आणि क्षारांची पाकिटातली पूड पाण्यात विरघळवून केलेलं पाणी. साधं पाणी का नाही, हे बऱ्याच जणी विचारतात. जुलाब चालू असताना आतडं नुसतं पाणी नीट ओढून घेत नाही, पण ग्लुकोज आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आलं की आतड्याच्या पेशी ते दोन्ही एकदम आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं, ही वाट आजारातही बऱ्यापैकी चालू राहते. म्हणून प्रमाणाला एवढं महत्त्व. साखर जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात, मीठ जास्त झालं तर मुलाला झटकेसुद्धा येऊ शकतात.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांची रीघ लागली होती आणि त्यांच्यात पटकी पसरली, म्हणजे कॉलरा. सलाइनच्या बाटल्या पुरेनात. तिथे डॉ. दिलीप महालनबीस होते, त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरून ठेवली आणि पेशंटच्या आई-बापांना, बहीण-भावांना सांगितलं की तुम्हीच पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण मिळालं ते गेल्यानंतर, २०२३ ला. मला ह्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की पाजणारे हात घरच्यांचे होते, नर्सबाईचे नाही, डॉक्टरचे नाही. घरातल्या माणसाला हे जमतं ह्याचा ह्याच्याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पाकिटाचं मात्र नीट ऐका, इथे सगळ्यात जास्त गडबड होते. सरकारी दवाखान्यात मिळतं ते मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, साधारण साडेवीस ग्रॅमचं. मेडिकलमध्ये छोटं पण मिळतं, ते २०० मिलिलिटरचं. किती पाण्याचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचायचं. मोठं पाकीट एका पेल्यात कालवून पाजलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय आणि ते पाणी फार खारट होतं, मुलाला बाधतं. थोडी पूड आत्ता, थोडी नंतर असंही करायचं नाही, अख्खं पाकीट एकदम अख्ख्या लिटरमध्ये. लिटर मोजायला पाण्याची एक लिटरची बाटली घरात असतेच, ती धुऊन घ्या. पाणी उकळून गार केलेलं. वरून साखर, लिंबू, ग्लुकॉन-डी काही घालायचं नाही. आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, नवीन करायचं.

पाकीट नसेल, रात्र असेल, पाऊस असेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग पाडून. आधी स्वतः चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि परत करा. पाकीट मिळालं की पाकिटावर यायचं.

अजून एक, ते फळांच्या चवीचे टेट्रापॅक. दुकानात ओआरएस म्हणून मागितलं की तेच हातात द्यायचे, आया विश्वासाने घ्यायच्या, पण त्यात साखर भरपूर आणि मीठ कमी, म्हणजे जे नको तेच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द लिहायलाच मनाई केली, फार बरं झालं. तरीही घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलाय का ते बघा. कोल्ड्रिंक, बाटलीतला ज्यूस, काळा चहा ह्यातलं काही मुलाच्या जुलाबावर औषध नाही.

किती पाजायचं, तर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर अर्धा ते एक छोटा कप, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर. त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर. उलटी झाली की घरचे घाबरून बंद करतात, तसं करू नका, दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा पण चमच्याने, हळूहळू. पेल्याने गटागटा पाजलं की उलटी होते आणि मग सगळे म्हणतात ह्याला ओआरएस चालत नाही.

आणि उपाशी ठेवायचं नाही. पोटाला आराम म्हणून मुलाचं खाणं तोडतात, कुणी आईचं दूधसुद्धा तोडायला सांगतं, बाधलं म्हणून. आईचं दूध तर जास्त वेळा द्यायचं. खाणाऱ्या मुलाला आपलं कोकणातलं खाणं किती छान आहे ह्यासाठी, पेज आहे, आटवल म्हणजे आसट भात आहे, मऊ वरणभात, ताजं दही, केळं. चिमूटभर मीठ घातलेली पेज मुलं आवडीने पितात. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, कारण जुलाबात झडलेलं वजन भरून यायला तेवढं लागतं.

डॉक्टरकडे कधी पळायचं हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. मूल पीतच नाहीये किंवा प्यायलेलं सगळं उलटतंय, झोपाळलेलं आहे, हाक मारली तरी नीट बघत नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, सहा तासांत लघवी नाही, शीतून रक्त पडतंय, ताप जोरात आहे, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश जागेवर जाते. ह्यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका, निघा, आणि वाटेत रिक्षातसुद्धा पाजत राहा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ह्या यादीची वाटच बघायची नाही, दाखवायचंच.

आता "दात येतायत म्हणून जुलाब" ह्याबद्दल. हे मला इतक्या वेळा ऐकायला मिळतं की शिकलेल्या घरातही कुणी दुसरं कारण शोधत नाही, आणि म्हणूनच मला ते धोक्याचं वाटतं. सहा-सात महिन्यांचं बाळ दात येतात त्याच सुमाराला रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि वरचं अन्नही तेव्हाच सुरू झालेलं असतं. जंतू जातात ते ह्या वाटेने. दात बिचारे त्या वेळी तिथे असतात एवढंच. दातांवर ढकललं की मग कुणी हात बघत नाही, वाटी बघत नाही.

हात कुणाचे? भरवणाऱ्याचे आधी. बाळाची शी धुतल्यावर नुसत्या पाण्याने हात ओले करतात, का तर बाळाची शी म्हणजे काय घाण नाही. असते हो, मोठ्यांच्या इतकीच, जंतू वयाने लहान नसतात. साबण लावून वीस सेकंद, नखांत, अंगठ्याला, बांगड्यांच्या मागे. शीनंतर, संडासहून आल्यावर, स्वयंपाकाला हात घालण्याआधी आणि भरवण्याआधी, ह्या चार वेळा जरी कधी चुकल्या नाहीत तरी पुष्कळ झालं. साबण जिथे हात धुतले जातात तिथेच हवा. मागीलदारी नळ आणि साबण आत मोरीत असं असेल तर कुणी आत जात नाही, हा माझा घरोघरचा अनुभव आहे, मग मी नळालाच जाळीच्या पिशवीत साबण बांधून द्यायचे. सॅनिटायझर चिकट, मळलेल्या हातावर साबणाचं काम करत नाही.

दुधाची बाटली शक्यतो नकोच, तिच्या निपलमध्ये आणि कडेला दूध साचून राहतं. वाटी-चमचा वापरा, उकळून घ्यायला सोपा. बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, वापरत असाल तर तेही दरवेळी घासून उकळायचं. गुटी उगाळायची सहाण देवाच्या गंधाच्या सहाणेबरोबर पडलेली असते, आणि खरं तर सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही लागतच नाही, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगते. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं, तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो पण जंतू मरत नाहीत. ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते तेव्हा वास येतो म्हणून लोक ते पाणी सोडून पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं पाणी आणतात, पण तो वास म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, पाणी राखलेलं आहे. थोडा वेळ उघडं ठेवलं की वास कमी होतो. नळाला आणि हंड्याला फडकं बांधायची आपल्याकडे जुनी रीत आहे, तिला मी नावं ठेवणार नाही, बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या आठ घड्यांतून पाणी गाळून बघितलं तेव्हा कॉलऱ्याचे पेशंट जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालंय. पण एका पदराने ते होत नाही, आणि व्हायरस कापडातून सरळ पार होतो, म्हणून गाळा आणि मग उकळा. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं. उकळायला गॅस नसेल तर मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब आणि अर्धा तास थांबायचं. मग झाकण, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं, हात बुडवून पेला काढला की आधीची सगळी मेहनत गेली.

मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे थेंब, ती चुकवू नका.

आणि झिंक. औषध नाहीच का, ह्याचं खरं उत्तर हेच, एक औषध आहे आणि ते झिंकची गोळी. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, म्हणजे अर्धी गोळी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि पट्टी कपाटात जाते, तसं होऊ देऊ नका, पूर्ण चौदा दिवस दिली तर पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब व्हायचं प्रमाण कमी होतं. गोळी आणि ओआरएसची पाकिटं दोन्ही तुमच्या आशाताईंकडे मिळतात, पैसे पडत नाहीत, घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा.