‘अमक्याला तमका झाला’ वाचताना

बायबलमधला नवा करार उघडला की पहिल्याच पानावर, मत्तयाच्या शुभवर्तमानात, येशूची वंशावळ लागते: ‘अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला’ सुरू होतं. घरच्या प्रार्थनेत वाचणारं पोर नावांत अडखळतं आणि कुणीतरी म्हणतं, सोड, अठराव्या वचनापासून वाच.

कोकणात तरी वंशावळीचा कंटाळा यायला नको. सातबाऱ्यावर वारस लावायचा तर तलाठ्याकडे ती द्यावीच लागते, आणि एखादं नाव राहिलं की काम अडतं. बायबलमधल्या काही याद्या अशाच हक्काच्या कामाच्या आहेत. सलाफहादाला मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभं राहून वाटा मागितला आणि मिळवला (गणना २७). बाबेलच्या बंदिवासातून यहुदी परतल्यावर याजकांच्या तीन घराण्यांना वंशावळीत आपली नोंद सापडेना, तर त्यांना याजकपणातून वगळलं (एज्रा २).

मत्तयाची यादी मात्र तलाठ्याने परत पाठवली असती. १ इतिहासाचा तिसरा अध्याय शेजारी उघडून ठेवा. योरामानंतरचे अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे मत्तयात नाहीतच; योरामाला थेट उज्जीया झाला. पिढ्या तो चौदा-चौदाच्या तीन गटांत सांगतो, पण शेवटच्या गटात शल्तीएलपासून येशूपर्यंत बोटांवर मोजलं तर तेराच भरतात. चौदासाठी दुसऱ्या गटातला शेवटचा यखन्या पुन्हा धरावा लागतो. लूकच्या शुभवर्तमानातही वंशावळ आहे, पण लूक उलटा, येशूपासून आदामापर्यंत जातो, तोही दावीदाचा मुलगा शलमोन याच्याकडून नव्हे, दुसरा मुलगा नाथान याच्याकडून. योसेफाचा बाप मत्तयात याकोब, लूकात एली. यावर जुन्या काळापासून खुलासे आहेत, पण दोन्ही याद्या ओढूनताणून जुळवण्यात अख्खी संध्याकाळ घालवू नये. मत्तयाला गाळलेली नावं ठाऊक नव्हती असं मला वाटत नाही. देवाचं वचन कुणाकुणाच्या हातून पुढे आलं, हे त्याला दाखवायचं आहे.

म्हणून एका बैठकीला एकच गट घ्यावा आणि त्यातल्या एकाच माणसाची मूळ कथा काढून वाचावी. पहिल्या गटात तामार (उत्पत्ती ३८), राहाब (यहोशवा २) किंवा रूथ. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच शलमोनाची आई येते, पण बथशेबा हे नाव मत्तय घेतच नाही. ‘उरीयाची बायको’ म्हणतो. म्हणजे दावीदाने ज्याला मारवलं त्याचं नाव दावीदाच्याच वंशावळीत कायमचं बसलं. एखाद्या कुलवृत्तांतात हे पान गुपचूप गळलं असतं!

याच गटात हिज्कीया, मनश्शे, आमोन, योशीया ही चार नावं ओळीने येतात. बाप देवभीरू. मुलाने पंचावन्न वर्षं राज्य केलं, परमेश्वराच्या मंदिरात परक्या दैवतांच्या वेद्या बांधल्या, पोटचा मुलगा अग्नीत होमला. नातू दोनच वर्षांत मारला गेला. पणतू आठव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याने मंदिर साफ केलं (२ राजे १८ ते २३). भक्ती रक्तातून उतरत नाही, हे चार नावांत दिसतं. प्रेषित पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता. पौल त्याच्या विश्वासाचा माग काढतो तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत. चाकरमानी मुंबईत आणि प्रार्थना आजीच्या तोंडून, असं ज्या घरांत चाललं त्यांना हे समजवावं लागणार नाही.

आपल्या घरच्या वंशावळीची वही करायची तर प्रत्येक माणसाला अर्धं पान द्या. नाव, आईबाप, बाप्तिस्म्याची तारीख आणि चर्च, गॉडफादर-गॉडमदर, आणि शेवटी ‘प्रार्थना कुणी शिकवली’. हा शेवटचा रकाना आधी भरा, कारण तो कुठल्याच रजिस्टरात मिळत नाही आणि सांगणारी म्हातारी माणसं थांबत नाहीत. तीन पिढ्या भरल्यावर मगच चर्चच्या ऑफिसात जावं. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असू शकतात. फसगत बहुतेक आडनावात होते. वसईपासून कोर्लईपर्यंत पोर्तुगीज आडनावं धर्मांतराबरोबर आली, तेव्हा दोन डिसोझा म्हणजे भाऊबंद असं धरू नये. आईचं नाव आणि गावही जुळलं पाहिजे. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असलं की दोन माणसं एकाच पानावर चढतात, म्हणून नावापुढे बापाचं नाव लिहिल्याशिवाय ओळ पुरी करू नका. वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली. त्याआधीची कडी सहसा हाती लागत नाही. तिथे अंदाजाने नाव घालू नये, जागा कोरी सोडावी.