विच हेझल : पाचवा हिवाळा

काल सकाळी उणे ११ अंश. 'येलेना'वर, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या विच हेझल झुडपाच्या माझ्याकडच्या जातीवर, परवाच उमललेली फुलं बघायला गेलो, तर सगळ्या पाकळ्या गुंडाळून कळीत बसलेल्या. दुपारी ऊन पडलं, पारा शून्याच्या वर सरकला आणि त्याच पाकळ्या हळूहळू मोकळ्या झाल्या. फुलाला चारच पाकळ्या, चुरगळलेल्या कागदी पट्ट्यांसारख्या. बुडाशी लाल, टोकाला पिवळट, लांबून मात्र तांब्याचा रंग. या मिटण्या-उमलण्यामुळेच बहर गोठत्या थंडीतही कितीतरी आठवडे टिकतो.

यंदा फांद्या नुसत्या लगडल्या आहेत. मागच्या हिवाळ्यात जेमतेम वीसेक फुलं आली, तेव्हा मी थंडीला दोष देत होतो. चूक माझी होती, आणि तीही उन्हाळ्यातली. याच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मी पाण्याकडे पाहिलं नाही, पानांच्या कडा करपल्या तरी हललो नाही. गेल्या उन्हाळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं, खोडापासून वीतभर सोडून, आणि पाऊस नसलेल्या प्रत्येक आठवड्यात एकदा खोलवर मुरेल असं पाणी दिलं. बाकी काहीच बदललं नाही, त्यामुळे मी श्रेय पाण्यालाच देतो.

आणखी एक सांगायचंय. ऑक्टोबरमध्ये याच झुडपाच्या बुडाशी एका काठीवर पिवळी फुलं दिसली. आधी हरखलो. मग उलगडलं, की शरदात फुलते ती व्हर्जिनियाना, विच हेझलचीच दुसरी प्रजाती, म्हणजे ज्यावर 'येलेना'चं कलम बांधलंय तो खुंट! फुटवा जमिनीखालून आला होता. माती उकरून तो मुळापाशी धरला आणि ओढूनच काढला. वरून छाटला असता तर तिथूनच पुन्हा फुटला असता. कलमी झाड असेल तर बुडाकडे नजर ठेवाच, खुंट जोरकस असतो.

माझी दुसरी विच हेझल, 'आर्नल्ड प्रॉमिस', अजून मिटलेलीच. बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात १९२८ साली पेरलेल्या बियांतून आलेली ही जात उशिराच फुलते, घाई नाही.

व्हर्नालिस या आणखी एका विच हेझल प्रजातीची बोंडं मात्र तडकायच्या आत कागदी पिशवीत भरली होती. रात्री पिशवीतून टक्-टक् आवाज; बोंडं फुटून काळ्या चकचकीत बिया कागदावर आपटत होत्या. चौदा मिळाल्या. आधी काही महिने उबेत, आता कुंडीसकट बाहेर थंडीत. या वसंतात कोंब आला नाही तरी कुंडी पुढच्या वसंतापर्यंत तशीच ठेवणार आहे.